पाणी कुठून येतं

बाईंकडे राहायला गेले त्या पहिल्या संध्याकाळी त्यांनी मला नाव, गाव, नोकरी यातलं काही विचारलं नाही. ते सगळं त्यांना माझ्या मावशीकडून आधीच कळलं होतं. त्यांनी विचारलं, तू झोपेत बोलतेस का? मी म्हटलं, माहीत नाही, कुणी कधी सांगितलं नाही. हे उत्तर त्यांना फार आवडलेलं दिसलं. "मग बघू या," म्हणाल्या आणि माझी बॅग कुठे ठेवायची ते दाखवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप पुढे ठेवता ठेवता त्यांनी सांगून टाकलं की मी बोलते, पण शब्द लागत नाहीत. पुढे काही दिवस त्या शब्द लागायची वाट बघत होत्या. एकदा मी म्हणे "पिशवी धर" असं अगदी स्वच्छ म्हणाले. कोणती पिशवी, कोणाला म्हणालीस, स्वप्नात बाजार होता की बस, असं त्यांनी मला ऑफिसला निघताना जिन्यापर्यंत येऊन विचारलं. मला काही आठवत नव्हतं. त्या थोड्या हिरमुसल्या.

फणसवाडीतल्या एका तीन मजली बिल्डिंगीत दुसऱ्या मजल्यावर त्या एकट्या राहायच्या. घराणं गिरगावातलंच, जुनं. एके काळी त्यांच्या आजोबांच्या मालकीच्या दोन चाळी होत्या म्हणे. त्या केव्हाच गेल्या, आणि बाईंच्या वाट्याला पागडीच्या या दोन खोल्या राहिल्या. लग्न केलं नव्हतं. मुलींच्या शाळेत आयुष्यभर विज्ञान शिकवलं. त्यामुळे अख्खी वाडी त्यांना बाई म्हणायची, मीही म्हणायला लागले. मी चिपळूणहून नोकरीसाठी आलेली, त्यांची पेइंग गेस्ट. माझ्या आधी त्यांच्याकडे कुणी राहिलं असेल तर ते फार टिकलं नसावं, असा माझा अंदाज आहे. ज्यांना स्वतःबद्दल काही कळून घ्यायचं नसतं, त्यांच्यासाठी ते घर नव्हतं.

बाईंच्या परकराला खिसा शिवलेला असायचा. त्यात एक छोटी बॅटरी आणि एक भिंग. मासळी घ्यायला गेल्या की कोळणीला सांगायच्या, पोट माझ्यासमोर साफ कर. सुरमईच्या पोटात काय निघतं ते बघायला त्या वाकून उभ्या राहायच्या. कोळीण आधी चिडायची, पुढे पुढे ती स्वतःच हाक मारायला लागली, "ओ बाई, या लवकर, आज अख्खी मांदेली गावली आत." बसमध्ये बसल्या की कधी कधी उतरायच्या ठिकाणी उतरायच्याच नाहीत. शेवटच्या स्टॉपवर बस वळते कशी, ड्रायव्हर चहा कुठे पितो, हे बघून त्याच बसने परत यायच्या. रस्त्यात जुन्या विद्यार्थिनी भेटत, वाकून नमस्कार करत. बाई त्यांना नवरा, मुलं काही विचारायच्या नाहीत. "मी शिकवलेलं काय विसरलीस?" हे विचारायच्या. बिचाऱ्या गडबडायच्या. एकीने मात्र न गडबडता सांगितलं, सगळं विसरले बाई, फक्त तुम्ही वर्गात बेडूक आणला होतात तेवढं आठवतं. बाई तिच्यावर इतक्या खूश झाल्या की तिला घरी घेऊन आल्या आणि दोघी संध्याकाळपर्यंत बोलत बसल्या.

घरातली बिघडलेली वस्तू फेकायची नाही, हा एकच नियम होता. उघडून बघितल्याशिवाय काही बाहेर जायचं नाही, आणि उघडायला सवड मिळेपर्यंत ते माळ्यावर जायचं. संडासाच्या वर तो माळा होता. तिथे पाण्याची काळी प्लॅस्टिकची टाकी होती आणि टाकीच्या भोवती, मागे, बाजूला बिघडलेले मिक्सर, इस्त्र्या, घड्याळं, एक टाइपरायटर, पोत्यांत गुंडाळून रचून ठेवलेलं. त्यांच्या मते त्यातल्या कशाला काय झालंय ते अजून कळलेलं नव्हतं.

त्यांचं एक वाक्य होतं. कुणी काही निकाल लावायला लागलं, अमुक माणूस खोटारडा आहे, तमका आजार उष्णतेचा आहे, की त्या म्हणायच्या, "ठरवायची घाई कशाला? दिसू दे की." पहिले काही महिने मला हे वाक्य गमतीचं वाटायचं. नंतर त्याचा राग यायला लागला, आणि तो राग यायचं कारण आमचा संडास.

आधी त्या संडासाबद्दल सांगते. बिल्डिंगीत पूर्वी मागच्या बाजूला सगळ्यांचे सामायिक संडास होते. पुढे लोकांनी आपापल्या मागच्या गॅलरीचा तुकडा अडवून आत संडास करून घेतले. ज्याला जसा प्लंबर मिळाला तसे पाइप फिरले. आमच्या संडासात कमोड होतं, वर एका बाजूला अर्ध्या भागात तो माळा आणि त्याच्याही वर वरच्या मजल्याची जमीन, म्हणजे लाकडी तुळया, फळ्या आणि त्यावर लाद्या. तिथून पाणी ठिबकायला लागलं. आधी एखादा थेंब, मग दिवसभर. आणि नेमकं कमोडवर बसणाऱ्याच्या मानेवर. बाई छत्री घेऊन आत जायला लागल्या. मी केसांवर प्लॅस्टिकची पिशवी बांधायचे. ते पाणी आमच्या फरशीतून झिरपून पहिल्या मजल्यावरच्या वहिनींच्या छतालाही डाग पडला. वहिनी म्हणजे फटकळ आणि कामाच्या. त्यांनी त्याच दिवशी डागाचा फोटो बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकला आणि प्लंबरला बोलावलं.

प्लंबरने आमच्या संडासात उभं राहून मान वर केली, थोडा वेळ बघितलं आणि म्हणाला, "ऊपर से आता है. ऊपर का तोडना पडेगा."

आमच्या वर काका राहायचे. ऐंशीच्या पुढचे, गिरणीच्या हापिसात हेड क्लार्क होते, बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. अंगाने सडपातळ, कपडे नेहमी इस्त्रीचे. हल्ली ते विसरायला लागले होते. मध्ये एकदा त्यांनी गॅस चालू ठेवला होता आणि वास जिन्यात आला होता. तेव्हापासून बिल्डिंगीत काही बिनसलं की नाव काकांचं यायचं. जिन्यातला दिवा दिवसभर जळत राहिला, काकांनी ठेवला असेल. कुणाचा पेपर गेला, काकांनी उचलला असेल. मागच्या दाराची कडी उघडी राहिली, काकाच. त्यांना विचारलं की ते ओशाळून हसायचे आणि म्हणायचे, "असेल हो, माझ्या हातून झालं असेल." मग आता हे पाणी. काका नळ उघडा ठेवतात, बादल्या ओततात, त्यांना भान नसतं, हे ग्रुपवर एका संध्याकाळात ठरून गेलं.

काकांचा मुलगा ठाण्याला राहायचा, इंजिनिअर. तो आला, आमचा संडास बघितला, वहिनींची माफी मागितली. माणूस वाईट नव्हता, पण थकलेला होता. त्याने सांगितलं की पुढच्या रविवारी बाबांचा संडास फोडायला घेऊ या. काम चालेल तोवर बाबा ठाण्याला येतील. आणि एकदा आले की मग तिथेच राहू देत, असंही तो खालच्या आवाजात म्हणाला. इथे एकटं ठेवण्यात आता अर्थ नाही.

बाई मध्येच म्हणाल्या, "फोडायच्या आधी पाणी कुठून येतंय ते कळू दे."

मुलगा म्हणाला, "बाई, पाणी वरूनच खाली येतं."

"बहुतेक वेळा येतं," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कपाटातून पोटॅशियम परमँगनेटची बाटली काढली. पूर्वी विहिरीत टाकायचे ते जांभळं औषध. ते काकांच्या फ्लशच्या टाकीत घालायचं, काकांनी फ्लश करायचा आणि खाली आमच्याकडे ठिबकणारं पाणी जांभळं होतं का ते बघायचं. मला रजा नव्हती, पण त्यांनी सकाळी लवकरच हे काम काढलं, म्हणून मीही वर गेले. काकांनी दार उघडलं. बाईंनी त्यांना उभ्याउभ्याच विचारायला सुरुवात केली: दिवसातून किती वेळा जाता, फ्लश करता की बादली ओतता, आंघोळ बसून की उभ्याने? मला वाटलं, जमीन पोटात घेईल तर बरं. काकांचे कान लाल झाले होते. पण बाईंच्या विचारण्यात आरोप नव्हता. मासळीच्या पोटात काय आहे हे विचारावं तसं त्या विचारत होत्या, आणि काकांनाही ते बहुधा जाणवलं. दाराची चौकट धरून ते म्हणाले की ते आता घरातला संडास वापरतच नाहीत.

ग्रुपवर फोटो आला त्या दिवसापासून त्यांनी बंद केला होता. नाक्यावरच्या सार्वजनिक संडासात जायचे, कठडा धरून तीन मजले उतरून. आणि फार वेळा उतरायला लागू नये म्हणून पाणी पिणं कमी केलं होतं. सकाळी चहा, दुपारी जेवताना दोन घोट, बस.

 बाई माझ्याकडे वळल्या. "हे वापरतच नाहीत," त्या म्हणाल्या, "आणि आपल्याकडे ठिबकतंय!" मग एकदम काकांना म्हणाल्या की आधी तांब्याभर पाणी प्या, मला तुम्ही जायला हवे आहात, त्याशिवाय माझं काम होणार नाही. काका हसले. मी त्यांना मोकळं हसताना तेव्हा पहिल्यांदा बघितलं. बाई खाली जाऊन पांढरी एनॅमलची ताटली घेऊन आमच्या संडासात बसल्या आणि वरून काकांनी जांभळं पाणी सोडलं. पुन्हा सोडलं. बाईंनी फोनवर सांगितलं, आणखी एकदा. ताटलीत पडणारे थेंब स्वच्छ होते.

संध्याकाळी मुलाला फोन गेला. तो म्हणाला, लाकडातून, चुन्यातून पाणी येताना रंग गाळला जाऊ शकतो. मला वाटलं, आता बाई भांडतील. त्यांनी विचार केला आणि म्हणाल्या, शक्य आहे. फोन ठेवल्यावर मी वैतागून म्हटलं, तुम्ही कोणाच्या बाजूने आहात? त्यांना प्रश्नच कळला नाही. त्यांनी मलाच विचारलं की पाण्याला बाजू कशी असेल?

रविवार उजाडायच्या आधीच काका पडले. नक्की कळेपर्यंत नको, म्हणून ते नाक्यावरच जात राहिले होते; तिथून परत येताना जिन्यात त्यांना घेरी आली. वहिनींनीच त्यांना धरलं, आपल्या घरात आडवं केलं, डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर म्हणाले, अंगात पाणीच नाही. मुलगा आला आणि त्याच दिवशी त्यांना ठाण्याला घेऊन गेला. जाताना त्याने फोडायचं काम पुढे ढकललं, वरच्या खोलीला कुलूप घातलं आणि पाण्याचा मुख्य कॉक बंद केला. वहिनी जिन्यात रडत होत्या. "फोटो टाकायला नको होता," म्हणत होत्या, "पण मी तरी काय करणार होते, छत पडलं असतं तर?"

वरती आता पाणीच नव्हतं. आमच्या संडासात मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी ठिबक होतीच. लोक म्हणाले, मुरलेलं पाणी आहे, निचरा व्हायला वेळ लागतो. बाई म्हणाल्या, होऊ दे. त्यांनी वाट बघितली. ठिबक कमी झाली नाही. मग लोक म्हणाले, गच्चीचं असेल.  बाईंनी पहाटे उठून संडासाच्या दारात लाकडी स्टूल टाकलं, शाल गुंडाळून घेतली आणि छताकडे बघत बसून राहिल्या. मी उठले तेव्हा त्या तशाच. मला म्हणाल्या, इथे बस आणि बघ. म्युनिसिपालटीचं पाणी पहाटे येतं. ते यायच्या आधी ठिबक मंद असते. पाणी आल्यावर काही वेळाने वाढते. दिवसभर राहते, संध्याकाळी ओसरते.

"म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे मला माहीत नाही," त्या म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मला हलवून उठवलं. पाणी यायच्या आत माळा रिकामा करायचा होता. मी वर चढून एकेक वस्तू खाली दिली. पुढच्या वस्तू कोरड्या होत्या. मागचं पोतं ओलं लागलं, त्याच्या मागचं इतकं कुजलं होतं की हातातच आलं. टाइपरायटर गंजून लाल झाला होता. तेवढ्यात पाइपातून हवा सुटल्याचा आवाज झाला, नेहमीसारखा पाण्याचा जोर आला आणि माझ्या तोंडावर बारीक फवारा बसला. मी मोबाइलचा दिवा लावला. टाकीत पाणी आणणाऱ्या पाइपाच्या वळणावर केसाएवढी चीर होती. त्यातून पाण्याची सुईसारखी धार सरळ वर जात होती आणि छताच्या फळ्यांवर आपटत होती. फळ्या ते पाणी पीत होत्या. मग ते तुळईला धरून पुढे सरकत होतं आणि कमोडच्या बरोबर वर येऊन पडत होतं.

मी खाली ओरडून सांगितलं की पाणी आपल्याच पाइपाचं आहे.

"कुठे जातंय?" बाईंनी विचारलं.

"वर."

"नीट बघ. वर?"

मग त्यांना थांबवणं शक्य नव्हतं. सत्तरी ओलांडलेली बाई पदर खोचून शिडी चढली. मी खालून शिडी धरून उभी होते. त्या बराच वेळ आत डोकं घालून होत्या. पाणी जाईपर्यंत होत्या. खाली आल्या तेव्हा केसांतून पाणी गळत होतं आणि चेहरा असा होता की मला रागच आला. एका म्हाताऱ्या माणसाला त्याच्या घरातून जावं लागलं आणि पाणी आमचं होतं. मी तसं म्हणाले. बाई टॉवेलने तोंड पुसत होत्या. त्या थांबल्या.  मग म्हणाल्या, "मी सगळीकडे बघितलं. इथे नाही बघितलं." त्यापुढे त्या दिवशी त्या माझ्याशी फारसं बोलल्या नाहीत.

हे सगळं झालं त्याला आता बरीच वर्षं झाली. ती बिल्डिंग पाडली, तिथे टॉवर उभा राहतोय. मी लग्न होऊन भोईवाड्यात आले. बाई शीवला भाचीकडे असतात आणि अजूनही फोन केला की आधी मला प्रश्न विचारतात, मग माझं ऐकतात. त्यांच्याबद्दल लोक मला विचारतात तेव्हा मी मासळी आणि बस सांगते, लोक हसतात. त्या पुढच्या आठवड्यात त्यांनी जे केलं ते सांगायला मात्र वेळ लागतो, म्हणून राहून जातं.

चीर सापडली त्याच्या दुसऱ्याच दिवशी प्लंबर आला. पाच मिनिटांचं काम होतं, एल्बो, म्हणजे पाइपाच्या वळणाचा तुकडा, बदलायचा. बाईंनी त्याला दारातून परत पाठवलं. काका बघतील तोपर्यंत पाइपाला कुणी हात लावायचा नाही. वहिनींना हे कळलं तेव्हा त्या वर आल्या. इतके दिवस त्यांचं छत भिजत होतं. त्या म्हणाल्या, "बाई, सापडलं ना? मग बंद करा. काकांना फोनवर सांगा." मीही म्हटलं, मी व्हिडिओ काढलाय, पाठवते. बाई म्हणाल्या की व्हिडिओ मुलाच्या मोबाइलवर जाईल, मुलगा दाखवेल, काका मान हलवतील. ते सगळ्यालाच मान हलवतात. त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसायला हवं. वहिनी खाली गेल्या. मग त्यांनी आपल्याकडची मोठी परात आणून आमच्या कमोडशेजारी ठेवली, म्हणजे खाली कमी झिरपेल.

आम्ही टॅक्सी करून ठाण्याला गेलो. मुलाचं घर नीटनेटकं होतं, सून मायेची होती. काका हॉलमध्ये खिडकीशी बसले होते. समोरच्या टिपॉयवर पाण्याचा जग आणि ग्लास. ते आम्हाला बघून उठायला लागले आणि बाईंनी काही बोलायच्या आत म्हणाले, "फार त्रास दिला तुम्हाला मी."

बाईंनी त्यांना बसवलं आणि सरळ सांगितलं की पाणी तुमचं नव्हतं, माझं होतं. माझ्या पाइपाचं. मी आधी माझ्या घरात बघायला हवं होतं, ते बघितलं नाही, आणि त्यामुळे तुम्हाला नाक्यापर्यंत उतरावं लागलं. हे म्हणताना त्यांचा आवाज वर्गात धडा सांगावा तसाच होता, पण हात मांडीवर घट्ट धरलेले होते.

काका ऐकत होते. मुलगा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला होता. काका म्हणाले, "मला वाटलं, असेल माझंच. आठवत नाही म्हटल्यावर नाही कसं म्हणायचं?" मग जरा वेळाने त्यांनी मान तिरकी केली. "पण तुम्ही तर खाली राहता. खालून वर कसं गेलं?"

बाईंनी हाताने दाखवायला सुरुवात केली, पाइप असा, वळण असं, आणि मग थांबल्या. "तुम्ही येऊन बघा," म्हणाल्या. "मी तसंच ठेवलंय."

मुलगा नको म्हणाला. बाबांना आत्ता कुठे बरं वाटतंय, जिने चढायचे, पहाटे उठायचं, कशाला? त्याचं म्हणणं बरोबरच होतं. काकांनी त्याच्याकडे बघितलं आणि शांतपणे विचारलं की शनिवारी तुला सुट्टी असते ना?

शनिवारी संध्याकाळी दोघं आले आणि वरच्या खोलीत झोपले. रविवारी पहाटे आमच्या घरात मी कधी बघितली नव्हती एवढी माणसं होती. वहिनी होत्या, त्यांचा नवरा, पहिल्या मजल्यावरचं आणखी एक बिऱ्हाड, प्लंबरही आला होता, कारण त्यालाही बघायचं होतं. काकांना शिडी चढवणं शक्य नव्हतं. बाईंनी त्यावर आधीच विचार केला होता. कपाटाचा आरसा काढून मी तो माळ्यावर घेऊन बसले होते. कमोडचं झाकण लावून त्यावर उशी ठेवली होती. काका इस्त्रीचा शर्ट घालून त्यावर बसले आणि वर बघायला लागले. मी आरसा तिरका धरला, दुसऱ्या हातात बॅटरी.

पाण्याचा जोर आला. धार उठली. आरशात ती उलटी दिसत असणार, पण काकांना दिसली. ते मला म्हणाले, थोडा डावीकडे. मग म्हणाले, आता फळी दाखव. मग तुळई. थेंब तुळईच्या कडेला जमून, लांबून, शेवटी त्यांच्या कपाळावर पडला. त्यांनी तो पुसला नाही.  मुलगा त्यांच्या मागून आत आला, शिडी चढला आणि माझ्या शेजारी डोकं घालून स्वतः बघितलं. उतरला तेव्हा त्याचा चष्मा ओला होता. तो शर्टाच्या टोकाने पुसत राहिला, पुसून झाल्यावरही.

"ऊपर ही जाता है," प्लंबर म्हणाला आणि हसला. "आप लोग हटो, अब मैं करता हूं."

वहिनींनी सगळ्यांसाठी पोहे केले होते. ते खाऊन लोक आपापल्या घरी गेले. आत प्लंबरची ठोकाठोक चालली होती. काका आमच्या बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसून चहा पीत होते. मुलगा दाराशी उभा होता. वर जाऊन बॅग भरायची की नाही हे त्याने अजून विचारलं नव्हतं. बाई माळ्यावरून काढलेल्या वस्तू वर्तमानपत्रावर मांडत होत्या.

काकांनी हाक मारली. "बाई, एक विचारायचंय."

बाईंनी वर बघितलं.

"जिन्यातला दिवा, ते पेपर, मागची कडी, आणखी कायकाय मला सांगतात. मला आठवत नाही, म्हणून मी हो म्हणतो. काही माझं असेलच, मी विसरतो ते खरं आहे." त्यांनी कप बशीत ठेवला. "पण त्यातलं माझं किती, ते बघता येईल का?"

दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, काका, सोडा आता, तुम्ही काही केलेलं नाही. बाई तसं म्हणाल्या नाहीत. त्यांनी पदराला हात पुसले, संडासाच्या दारातलं स्टूल आणलं आणि काकांच्या समोर टाकून बसल्या.

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "दिव्यापासून सुरू करायचं का? तो लावतं कोण, हे तरी कुणी बघितलंय?"

काकांनी खुर्ची पुढे ओढली. दाराशी उभा असलेल्या मुलाने दार लोटलं आणि तो आत येऊन जमिनीवर बसला.